भोयांना लांब उभं करणारी पी-ल्येन

हाय-पू गावात बास्केटबॉलचं मैदान म्हणजे समुद्रदेवी मात्सू आईच्या देवळासमोरचं फरसबंद अंगण, आणि ते उताराचं आहे. पावसाचं पाणी गाभाऱ्यात शिरू नये म्हणून बांधणाऱ्यांनी ते समुद्राकडे कललेलं ठेवलं. त्यामुळे आमचा संघ हरला की 'नाचता येईना अंगण वाकडं' असं म्हणून कोणाला हिणवता येत नाही. अंगण खरोखरच वाकडं आहे. ते पाहुण्या संघालाही तितकंच वाकडं असतं आणि तरी तो जिंकून जातो, एवढी एक गोष्ट मात्र गावात कोणी मोठ्यानं बोलत नाही.

बोलायची ती एकटी खो पी-ल्येन. "अंगण उताराचं आहे म्हणून चेंडू खाली जातोय, हे समजलं," ती ओरडायची. "तुम्ही पाचही जण त्याच्या मागे कुठं निघालात? त्याची वरात आहे का?"

पी-ल्येन हाय-पूच्या संघाची प्रशिक्षक. सकाळी ती बाकीच्या बायकांसारखी शेडमध्ये बसून शिंपले फोडते आणि दुपार कलली की अंगणात येते. तिच्याकडे शिट्टी नाही. तिच्या गळ्याला ती लागतही नाही. तरुणपणी ती शहरातल्या एका कापड गिरणीच्या मुलींच्या संघातून खेळायची. दिवसा सूत, संध्याकाळी चेंडू. गिरणी बंद पडली तसा संघही मोडला आणि पी-ल्येन लग्न होऊन आमच्याकडे आली. नवरा मिळाला तो अबोल. सासू मिळाली ती मुलाच्या वाटणीचंही बोलणारी. घरात तोंड उघडायला जागाच नव्हती, तेव्हा इतक्या वर्षांचं जे साठलं ते सगळं गावच्या पोरांच्या डोक्यावर पडलं. पोरं तिला 'आ-यी' म्हणायची, म्हणजे मावशी, आणि मुकाट ऐकून घ्यायची.

पोरं म्हणजे कोण, तर आईच्या पालखीचे भोई. शिकलेसवरलेले सगळे शहरात गेले. गावात तरुण उरले ते पालखीच्या खांद्यांना पुरतील इतकेच, म्हणून जे भोई तेच खेळाडू. ही पोरं चालायला लागल्यापासून एकच गोष्ट शिकलेली: खांद्याला खांदा लावायचा, पावलाला पाऊल जुळवायचं, आणि एकाचा पाय घसरला की बाकीच्यांनी झडप घालून दांडी सावरायची. आपला भाऊ भाराखाली वाकलाय आणि आपण लांब उभे आहोत, हे पाप. शिवाय पालखी कुठं वळायची ते भोई ठरवत नाही. आई ओढते, तो जातो. अशा पोरांच्या हातात पी-ल्येननं चेंडू दिला आणि सांगितलं, लांब लांब उभे राहा आणि स्वतःचं स्वतः ठरवा. याला धाडस म्हणतात. दुसराही एक शब्द आहे, पण देवळाच्या अंगणाची गोष्ट आहे, राहू दे.

पुढच्या दांडीचा भोई आ-तोंग हा संघाचा म्होरक्या. रुंद खांद्यांचा, गंभीर, मासळीच्या तळ्यावर कामाला. त्याच्या हातात चेंडू आला की समोरचे दोघं त्याला घेरायचे. त्याला घेरलं रे घेरलं की आपले चौघं जीव तोडून त्याच्याकडे धावायचे. मग जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत दहा माणसं, मधे कुठंतरी आ-तोंग, आणि त्याच्या पोटाशी चेंडू.

"ई-लून, इकडे ये," पी-ल्येननं गेल्या वर्षी सामन्याच्या मध्यंतरात विचारलं. ई-लून म्हणजे सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत लाजरा. "तू का धावलास?"

"तो अडकला होता, आ-यी."

"मग तू काय केलंस?"

"मदतीला गेलो."

"एकटा?"

ई-लूननं मागे वळून पाहिलं. "हो. एकटाच."

"आणि तुझ्यावर पहारा करणारा तो जाडा? तो काय घरी गेला? तोही आला ना तुझ्या मागोमाग? म्हणजे जेवायला बोलावला एक, आले दोघं. असे चौघं गेलात, दहाच्या दहा एका जागी. बिचाऱ्याला आधी दोघांनी धरलं होतं, आता त्याला श्वास घ्यायला जागा नाही. मित्र असावेत तर असे."

"मग करायचं काय?"

"लांब उभं राहायचं."

"नुसतं?"

"नुसतं. तू कोपऱ्यात उभा राहिलास की तो जाडाही तुझ्याबरोबर कोपऱ्यात अडकला. आ-तोंगच्या वाटेतला एक काटा तू न हलता काढलास. तो जाडा तुला सोडून आ-तोंगकडे गेलाच, तर तू मोकळा. ज्या घराचा राखणदार बाहेर पडला त्या घराचं दार उघडं, एवढं चोरालाही कळतं. तुम्ही तर सज्जन आहात, म्हणून सांगावं लागतंय."

ई-लूनला पटलं. पण पायऱ्यांवर बसलेल्या त्याच्या आजीला कसं पटावं? पुढच्याच डावात नातू कोपऱ्यात शहाण्यासारखा उभा राहिला आणि आजी कडाडली, "काय रे, खांब पुरलाय का तुला तिथं? ते पोरगं मरतंय तिकडं, हा बघा, वारा खात उभा." ई-लून धावला. आजीपुढे पी-ल्येनचं काही चालायचं नाही. त्या बाईनं पी-ल्येनच्या सासूला गप्प केलं होतं, यातच सगळं आलं.

मग पी-ल्येननं देवळाच्या मुदपाकखान्यातून लाल प्लास्टिकची स्टुलं आणली, भंडाऱ्याला मांडतात ती. दोन कोपऱ्यांत दोन, दोन बाजूंना दोन, आणि आ-तोंग मोकळा. "बसा. चेंडू तुमच्याकडे येईपर्यंत बूड उचलायचं नाही." पोरं बसली. चेंडू या स्टुलावरून त्या स्टुलावर जायला लागला. आणि नेमके त्याच वेळी देवस्थान समितीचे अध्यक्ष, ल्याओ चेअरमन, उदबत्त्यांच्या खोक्यांचा हिशोब बघून बाहेर आले.

"पी-ल्येनबाई, हा सराव आहे की पंगत?"

"पंगतच समजा, चेअरमन. पण पंगतीत निदान कोणी उठून शेजाऱ्याच्या पानात जाऊन बसत नाही."

चेअरमन हसले. ते फार हसतमुख गृहस्थ. ज्याचं वाईट करायचं त्याच्याकडे बघून तर जास्तच.

लांब बसणं कसंबसं जमलं, ठरवणं जमेना. पी-ल्येन सांगून थकली: चेंडू हातात आला की तीनच गोष्टी, बास्केटमध्ये मारा, आत घुसा, नाहीतर दुसऱ्याला द्या. जे करायचं ते लगेच, कारण उघडं दार फार वेळ उघडं राहत नाही. पोरं चेंडू छातीशी धरून उभी राहायची, जणू कोणाचं तान्हं बाळ धरायला दिलंय.

"ठरवायचं कसं, आ-यी?" आ-तोंगनं एकदा अगदी मनापासून विचारलं. "पालखीत आपण ठरवत नाही. आई ओढते तसं जातो. आपण ठरवायला गेलो की पाय चुकतो."

"आईला समुद्रावरची जहाजं सांभाळायची असतात," पी-ल्येन म्हणाली. "तुझा चेंडू तू सांभाळ."

हे वाक्य देवीच्या समोर, उघड्या दारात म्हटलेलं. आसपासच्या बायकांनी लगोलग हात जोडले, पी-ल्येनच्या वतीनं.

आता खरं सांगायचं तर पोरांना ठरवता येत नव्हतं याला केवळ पालखी कारण नव्हती. पी-ल्येन "स्वतः ठरवा" असं ओरडायची आणि त्याच श्वासात, "डावीकडे दे, डावीकडे, अरे तुझी डावी कुठली? आता घूस, घूस, मार, थांब, मारू नकोस." पोरांनी स्वतः ठरवावं असं तिला फार वाटे. फक्त काय ठरवावं ते ती ठरवून ठेवी. गावातल्या निम्म्या आयांचा संसार असाच चालतो, त्यामुळे यात कोणाला काही वावगं दिसलं नाही.

दर वर्षी आईच्या जन्मोत्सवाच्या आदल्या दिवशी आमचा सामना होतो तो वरच्या तिंग-च्वांग गावाशी, आणि दर वर्षी आम्ही तो हरतो. या वर्षी चेअरमननी समितीच्या बैठकीत हसत हसत सांगितलं, की यंदाही हरलो तर संघ थांगच्या हातात द्यावा. थांग हे चेअरमनचे जावई. जावयाला दहावा ग्रह म्हणतात ते उगीच नाही. हा ग्रह राजधानीतली स्वतःची व्यायामशाळा बुडवून सासऱ्याच्या राशीला आला होता. त्याच्याकडे टॅब्लेट होता आणि त्यात रंगीत बाण होते.

पी-ल्येन एवढंच म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवशी तिच्या टोपलीतल्या निम्म्या शिंपल्यांचं मांस सुरीनं मधोमध कापलं गेलं होतं.

बायकांना वाटलं, हे काम गेलं तर गेलं, डोक्याचा ताप कमी होईल. पण दिवसभरात त्या दोन-चार घटका अशा होत्या की पी-ल्येन काय म्हणते याची कोणीतरी वाट बघायचं. बाकी वेळी ती बोलली काय आणि न बोलली काय, शिंपले फुटतातच. अंगण गेलं असतं तर ती बोलली असती कोणाशी? नवऱ्याशी? तो बिचारा मान हलवायलाही वेळ घेतो.

आणि मग सासूबाई गेल्या. वय झालं होतं, झोपेतच गेल्या, पुण्यवान मरण. पण आयुष्यभर त्यांनी सुनेचं एकही काम वेळेवर होऊ दिलं नव्हतं, तो नेम जातानाही मोडला नाही. उत्सव तोंडावर आलेला, सामना जवळ आलेला, आणि पी-ल्येनच्या उजव्या बाहीवर तागाच्या फडक्याची चिंधी टोचली गेली. सुतक. सुतकातल्या माणसानं देवळाची पायरी चढायची नाही, आणि अंगण हे देवळाचंच. त्यातून भोयांचे उपास सुरू झालेले. त्यांनी मासमच्छी सोडलेली, सुतकाच्या घराकडे त्यांनी फिरकायचं नाही, त्या घरच्या माणसाच्या जवळपास यायचं नाही. पी-ल्येन तोंडानं कितीही फटकळ असली तरी नेमाधर्माला पक्की. तिनं चिंधी नीट टोचून घेतली, अंगणाकडे तोंड करून लांबूनच हात जोडले आणि घरी बसली.

चेअरमन भेटायला आले, तेही फाटकाबाहेरूनच. "फार वाईट झालं, पी-ल्येनबाई. आई गेली म्हणजे छत्र गेलं. तुम्ही संघाची काळजी करू नका, थांग बघेल. जिंकलो तर म्हणू, थांगनं शेवटचा हात फिरवला. हरलो तर काय, पाया कच्चा होता म्हणायचं. कोणाला दोष द्यायचा नाही."

"चेअरमन, तुमच्यासारखी न्यायबुद्धी कोर्टात नाही," पी-ल्येन म्हणाली.

थांगनं पोरांना बाण दाखवायला सुरुवात केली. प्रत्येक डावाला नंबर होता. आ-तोंगनं दोन दिवस नीट पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी अदबीनं विचारलं, "थांगदादा, यातला मी कुठला?"

"निळा."

"काल मी हिरवा होतो."

"काल डाव नंबर चार होता. आज नऊ आहे. बाण जिकडे जातो तिकडे जायचं, बस." हे एक मात्र आ-तोंगला पटकन समजलं. ओढलं तिकडे जायचं, यात त्याचा हात धरणारा कोणी नाही.

सामन्याच्या दिवशी दुपारी अंगण माणसांनी फुललं. एका बाजूला उत्सवाच्या नाटकाचा मंडप, दुसऱ्या बाजूला भाजलेल्या सॉसेजचा धूर, आणि माळेमागून माळ फटाके. देवीला वाहायच्या कागदी मोहरा जाळायच्या भट्टीशेजारी एक बास्केट, मंडपाशेजारी दुसरी. अंगणाच्या कमानीबाहेर रस्ता, रस्त्यापलीकडे पी-ल्येनच्या नवऱ्याचा निळा टेम्पो उभा, आणि गाडीच्या सावलीत घडीच्या खुर्चीवर पी-ल्येन. शेजारी नवरा उकिडवा, त्याच्याही बाहीला चिंधी. रस्ता काही देवळाचा नाही. तिथं बसायला देवाची ना नाही आणि समितीची परवानगी लागत नाही.

सामना सुरू झाला आणि पी-ल्येनचा गळाही. गिरणीतल्या यंत्रांवरून हाका मारलेला तो गळा, त्याला फटाके म्हणजे काय?

"आ-तोंग, घूस. घूस म्हणते ना. ई-लून, कोपरा, कोपरा सोडू नकोस. अरे दे आता, दे त्याला."

बाकावरून थांग ओरडायचा, "नऊ, नऊ." पायऱ्यांवरून आजी ओरडायची, "मदतीला जा रे." आणि पोरांच्या अंगात पालखी होतीच. ई-लून कोपऱ्यात मोकळा सापडायचा, चेंडू त्याच्याकडे यायचा, मग त्याची मान वळायची ती रस्त्याकडे. मान परत येईपर्यंत जाडा छातीशी येऊन उभा. आ-तोंगचं तेच. सगळ्यांचंच तेच. पहिला भाग संपला तेव्हा आम्ही बरेच मागे होतो.

"मेले ऐकत नाहीत," पी-ल्येन म्हणाली.

 नवऱ्यानं बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऐकतात. म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

"चेंडू आला की तुझ्याकडे बघतात. मग उशीर होतो."

"तुला कधीपासून बास्केटबॉल कळायला लागला?"

"मला नाही कळत. पण मीही तसाच बघतो. काही बोलायच्या आधी."

पी-ल्येन गप्प झाली. तिला गप्प करणारा हा माणूस आजवर तिच्याच घरात उकिडवा बसून होता, हे तिला आता समजत होतं. अंगणात बाकावर बसायची तेव्हा पोरांच्या माना आपल्याकडे वळतात हे तिला दिसायचं, पण तिला वाटायचं, किती लक्ष देतात गुणी पोरं. रस्त्यापलीकडून ते निराळं दिसत होतं. इथून चेंडू दिसत होता, मोकळा कोपरा दिसत होता, आणि त्या दोघांच्या मधे ती स्वतः, ओरडत उभी.

अंगणात थांग पोरांना टॅब्लेट दाखवत होता. उन्हात त्यांना त्यात स्वतःचीच तोंडं दिसत होती.

दुसरा भाग सुरू व्हायच्या आधी पी-ल्येन उठली, तिनं खुर्ची उचलून फिरवली आणि अंगणाकडे पाठ करून मासळीच्या तळ्याकडे तोंड करून बसली.

"काय झालं?" नवरा म्हणाला.

"काही नाही. तळं बघते."

"सामना?"

"तू बघ. आणि मला सांगू नकोस."

अंगणातून आ-तोंगनं नेहमीसारखं रस्त्याकडे पाहिलं. त्याला आखूड केसांचा मागचा भाग आणि ब्लाऊजची पाठ दिसली. त्यानं ई-लूनकडे पाहिलं. ई-लूननंही तेच पाहिलं होतं. पोरांना वाटलं, आ-यी रागावली. एकाला तर वाटलं, सासूच्या आठवणीनं रडतेय. ज्यानं ती सासू पाहिली होती त्यानं त्याला गप्प केलं.

तळ्यातली पाणी ढवळायची चाकं फिरत होती. पी-ल्येन ती बघत होती आणि कानांनी मागचं अंगण ऐकत होती. चेंडू फरशीवर खूप वेळ आपटत राहिला की समजायचं, कोणीतरी बावळटासारखा उभ्या जागी आपटतोय. आधी तसंच ऐकू आलं. तोंड उघडून ती अर्धी वळलीसुद्धा. मग तिनं ओठ मिटले आणि खुर्चीची कड घट्ट धरली. हळूहळू आवाज बदलला. एकदा आपटला, मग नुसते तळहात: थप, थप, थप, आणि जाळीचा आवाज. बायका ओरडल्या. पुन्हा थप, थप. शेजारी नवरा चुळबुळत होता. लग्नानंतर पहिल्यांदाच त्याच्याकडे काहीतरी सांगण्यासारखं होतं, आणि नेमकं आज त्याला बंदी.

"सांगू?" तो म्हणाला.

"नको."

"बरोबरीला आलेत."

"नको म्हटलं ना."

"आता एकानं मागे. थोडाच वेळ उरलाय."

पी-ल्येन तळ्याकडे बघत राहिली. मागे फटाके थांबले होते. नाटकवालेसुद्धा तोंडाला रंग फासलेले तसेच मंडपाच्या कडेला येऊन उभे राहिले असावेत, कारण ढोल बंद होता.

"आ-तोंगला दोघांनी धरलं," नवरा म्हणाला. या वेळी तिनं त्याला थांबवलं नाही.

"किती जण धावले त्याच्याकडे?"

"कोणीच नाही."

"नीट बघ."

"बघतोय. कोणीच नाही. चौघंही लांब उभे आहेत. बरं आहे ना हे?"

पायऱ्यांवरून आजीचा आवाज आला, "अरे कोणी आहे का त्याला? ई-लून, मेल्या, जा ना." पी-ल्येन कान देऊन बसली. आवाज नाही. पावलांचा आवाज नाही. मग तळहातावर एक थप, लांबून, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या चेंडूची.

"ई-लूनकडे आला. त्यानं रस्त्याकडे..." नवरा थांबला. "नाही. नाही बघितलं. मारला."

लोखंडी कडीवर ठण्ण झालं. एकदा, आणि मग पुन्हा एकदा, हलकं. मग सगळ्या गावानं एकदम सोडलेला श्वास. पी-ल्येनला सांगावं लागलं नाही.

हरलो. एकानं. तिंग-च्वांगवाल्यांनी नाचून घेतलं, आमच्या वाकड्या अंगणात अगदी सरळ नाचले. ल्याओ चेअरमन माइकवर आले. पाहुण्यांचं अभिनंदन, आईची कृपा, प्रायोजकांचे आभार, आणि मग हसत हसत, "आता आपल्या संघाला नव्या दिशेची गरज आहे." त्यांनी थांगला पुढे बोलावलं. थांगनं टॅब्लेट काखेत धरून वाकून नमस्कार केला.

भोई मंचासमोर नव्हते. ते कमानीतून बाहेर पडून रस्त्याच्या अलीकडच्या कडेला येऊन उभे राहिले होते. पी-ल्येन पलीकडच्या कडेला. उपासाचा नेम, त्यामुळे त्यांनी रस्ता ओलांडला नाही.

"चुकला, आ-यी," ई-लून म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"मला काय माहीत? माझी पाठ होती." पी-ल्येननं खुर्ची फिरवली. "समोर कोणी होतं?"

"नाही. जाडा आ-तोंगकडे गेला होता."

"पाय जुळले होते?"

"हो."

"कोणाला विचारलंस?"

"कोणालाच नाही. वेळच नव्हता."

"मग मारलास ते बरोबर. आत गेला नाही, ती वेगळी गोष्ट आहे. ती उद्या बघू." उद्या बघणारी आता आपण नाही, हे तिला बोलून झाल्यावर आठवलं. ती उठली आणि खुर्ची झटकायला लागली. खुर्चीवर काही नव्हतं.

माइकवरून थांगच्या नावाची टाळी मागितली गेली आणि ती फारशी मिळाली नाही, म्हणून चेअरमन स्वतःच भोयांना बोलवायला कमानीबाहेर आले. "अरे, इकडे काय करताय? फोटो काढायचाय. चला."

"ल्याओ आ-पेह," आ-तोंग म्हणाला. मोठ्या काकांना म्हणतात तसं, अदबीनं. "आम्ही ठरवलंय."

"काय ठरवलंय?"

"सुतक फिटलं की आ-यीच शिकवणार."

चेअरमनचं हसू जागेवरच राहिलं, डोळे तेवढे निघून गेले. "तुम्ही ठरवलंत? कोणी सांगितलं तुम्हाला? हिनं?"

"तिची पाठ होती," आ-तोंग म्हणाला.

"हे समितीचं काम आहे. फार तर आईला कौल लावून विचारू."

"विचारा ना. आम्ही इथंच आहोत. पहाटे पालखी निघायची आहे, तोवर कुठं जाणार?" तो हे धमकी म्हणून बोलला नाही. त्याला धमकी देता येत नाही. पण गावात खांदे किती आहेत हे चेअरमनना तोंडपाठ होतं.

घोळक्यात उभ्या माणसांना समजवायची चेअरमनना सवय. एकाच्या खांद्यावर हात ठेवायचा, दुसऱ्याला डोळ्यानं खुणवायचं, की तिसरा आपोआप मान हलवतो. त्यांनी आ-तोंगच्या खांद्यावर हात ठेवलाही. पण बाकीचे जवळ नव्हते. कोणी न सांगता ते रस्त्याच्या कडेनं पांगून उभे राहिले होते, एकापासून एक चांगले लांब. चेअरमन आ-तोंगशी हळू आवाजात बोलायला लागले, तर पार टोकाचा एक जण येणाऱ्या-जाणाऱ्यांना मोठ्यानं सांगत होता, की आ-यीच राहणार. चेअरमन लगबगीनं तिकडे गेले, तर इकडे आ-तोंग मोकळा. तो तेच आजीला सांगत होता. चेअरमननी थांगला हाक मारली, "अरे, तू त्या बाजूला बघ." थांग आला, कोणाकडे जावं ते त्याला समजेना, आणि शेवटी तो सासऱ्याच्याच मागे जाऊन उभा राहिला. मदतीला.

"हे बघ, ई-लून," चेअरमन घाम पुसत म्हणाले, "तुझी आजी शहाणी बाई आहे. तिला विचार."

आजी कमानीत उभी होती. पोराचा चेंडू वाया गेला होता, गाव हरलं होतं, आणि तिच्या घशात अख्ख्या दुपारचा राग होता. "मला काय विचारायचंय?" ती म्हणाली. "मी त्याला जा म्हटलं तर तो गेला नाही. आता माझं कोण ऐकतंय." आणि हे बोलताना ती चेअरमनकडे अशी बघत होती, की नातवानं ऐकलं नाही याचं तिला वाईट वाटलं असं कोणाला वाटू नये.

चेअरमननी आभाळाकडे पाहिलं. मग गाभाऱ्याकडे तोंड करून दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. उघडले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मोठी शांती होती. "सुतकातल्या माणसाचं काम काढून घेणं हे अशुभ," ते म्हणाले. "आई नाराज होईल. मी आधीच म्हणणार होतो. सुतकाचे शंभर दिवस होऊ देत, मग पी-ल्येनबाई आहेतच." आणि ते माइककडे गेले, कारण हा निर्णय त्यांनी घेतला होता आणि तो गावाला कळणं जरुरीचं होतं.

थांग काही वेळ एकटा उभा राहिला, मग त्यानं एक सॉसेज घेतलं.

भोई अजून रस्त्याच्या कडेला पांगलेले होते. आता काय करायचं ते त्यांना समजत नव्हतं. पी-ल्येन पलीकडून त्यांच्याकडे बघत होती. डाव्या टोकाचा पोरगा कंटाळून हळूहळू मधे सरकत होता, शेजाऱ्याच्या अगदी खांद्याशी आला होता. तिला ते दिसलं. तिचं तोंड उघडलं. मग तिनं ते मिटलं, आणि तो पोरगा आपण होऊन थांबतो का ते बघत राहिली.